रात्री तीन सतराची नोंद

मला माझा पासवर्ड दिसला! ठिपके नव्हेत, अक्षर न् अक्षर! इतकी वर्षं मी तो त्या चौकोनात टाइप करतोय, काळे ठिपके उमटताना बघतोय आणि समजून चाललोय की ठिपके आले म्हणजे गुपित झाकलं गेलं. गेल्या रविवारी रात्री भाचीने लॅपटॉपवर एफ-१२ दाबायला लावलं, ‘नेटवर्क’ नावाचा खण उघडला आणि म्हणाली, आता लॉगिन करा. केलं. खणातल्या यादीत एक ओळ आली, तिच्यावर क्लिक केलं, आणि माझ्या आईचं माहेरचं नाव आणि माझं जन्मसाल शेजारीशेजारी उभी!

‘‘मामा, बँकेलाही हाच पासवर्ड आहे का?’’

मी चहा ठेवायला उठलो.

मी बुऱ्हाणपूरचा. शनवाऱ्याजवळ घर, आणि एकतीस वर्षं पॉवरलूमच्या एका पेढीत हिशेब लिहितो. सूत किती आलं, थान किती गेले, मजुरी, दलाली, आता जीएसटी. कॉम्प्युटर म्हणजे माझ्यासाठी टॅली, आणि महिन्याच्या वीस तारखेला रडणारं सरकारी पोर्टल. भाची पुण्याला असते. वेबसाइटवर हल्ले कसे होतात आणि ते ओळखायचे कसे, हे ती कंपन्यांमधल्या पोरांना शिकवते. चार दिवस माहेरपणाला यावं तशी आमच्याकडे आली होती, मावा जलेबी खायला. मी सहज विचारलं, ‘‘बाई गं, तू नक्की शिकवतेस तरी काय?’’ त्या प्रश्नाने माझी झोप गेली ती अजून आलेली नाही.

ती म्हणाली, ‘‘मामा, भंडारा आठवा.’’

आमच्या गावात भंडारा म्हटलं की कुंडी भंडारा. सन १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानाने, म्हणजे दोहेवाल्या रहीमनेच, करवून घेतलेला. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे जात असतं. ते वाटेतच अडवायचं आणि बोगद्यातून उताराने शहरात आणायचं. पंप नाही, मोट नाही. बोगद्यावर थोड्याथोड्या अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या, शंभराहून अधिक. लहानपणी आम्ही कुंडीच्या काठावर पालथे पडून खाली बघायचो. वर कोरडं रान, खाली अंधारात पाणी चाललंय. गावात नळाखाली घागर लावणाऱ्याला याचा पत्ताही नाही.

‘‘तुम्ही मोबाइलवर बोट लावता तेव्हा तुम्ही नळाखाली असता. मी पोरांना कुंडीत डोकवायला शिकवते,’’ ती म्हणाली.

बस्स. इतकंच सांगायला हवं होतं मला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी!

मग आम्ही डोकावलो. बातम्यांचं एक साधं पान उघडलं. मला वाटलं होतं, आपण पान मागतो, ते पान देतात. यादी सरसर सरसर खाली सरकत राहिली, शंभराच्या वर ओळी! हे चित्र द्या, तो टंक द्या, ही जाहिरात द्या, आणि कुठल्या कुठल्या अनोळखी पत्त्यांवर खबर धाडा की हा माणूस आलाय. प्रत्येक ओळ म्हणजे एक विनंती, रिक्वेस्ट. आणि रिक्वेस्ट आतून कशी दिसते? अगदी आमच्या बिलटीसारखी! पहिल्या ओळीत काय करायचं ते: ‘गेट’ म्हणजे दे, ‘पोस्ट’ म्हणजे घे. मग माल कोणत्या पत्त्यावर जायचा ते. मग मागवणारा कोण. मग कुकी, म्हणजे आधीच्या भेटीत दुकानदाराने हातावर मारलेला शिक्का. आणि पोस्ट असेल तर सगळ्यात खाली प्रत्यक्ष माल. माझा पासवर्ड तिथे होता.

‘‘पण वर कुलूप दिसतं ना?’’ मी वाद घातला. कुलूप वाटेपुरतं, ती म्हणाली. ब्राउझरपासून समोरच्या सर्व्हरपर्यंत माल सीलबंद जातो, मधल्या कुणाला वाचता येत नाही. पण सील लावायच्या आधी माल आपल्याच घरात असतो आणि आपल्या घरात तो उघडाच असणार. खरंच की! पेढीवरून गाठोडं शिवून निघतं, पण शिवायच्या आधी थान मोजतो तो मीच.

आता जरा विषयांतर करतो, राहवत नाही म्हणून. त्या बिलटीवर ‘मागवणारा कोण’ या रकान्यात माझ्या क्रोमने काय लिहिलं होतं? ‘मोझिला ५.०’! पुढे ॲपलचं नाव, पुढे ‘गेकोसारखा’, पुढे क्रोम, शेवटी सफारी. एका ब्राउझरने स्वतःच्या नावापुढे साऱ्या भाऊबंदांची नावं लावलेली! नव्वदच्या दशकात काही सर्व्हर मोझिला म्हणवणाऱ्यालाच चांगलं पान वाढत, म्हणून बाकीचेही पंगतीला बसताना मोझिला म्हणून बसू लागले, आणि ती खोटी ओळख आजतागायत चालू आहे. दुसरं त्याहून गोड. ‘आधी कोणत्या पानावर होतात’ हे सांगणारा रकाना आहे, त्याचं नाव ‘रेफरर’. त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक ‘आर’ गळलाय. १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ती चूक तशीच छापली गेली आणि आज जगभरातले सर्व्हर ती इमानाने पाळतात. आमच्या पेढीत एका व्यापाऱ्याचं नाव खतावणीत पहिल्या दिवशी चुकलं ते तीन पिढ्या तसंच चालू आहे. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

सोमवारी कामावरून आलो तर टेबलावर दोन लॅपटॉप. भाचीने तिच्या लॅपटॉपवर एक दुकान मांडलं होतं, ‘ज्यूस शॉप’. फळांच्या रसाचं खोटं दुकान. ब्यर्न किमिनिख नावाच्या माणसाने २०१४ साली सुरू केलेलं, ओवास्प या संस्थेच्या छत्राखाली चालतं, आणि मुद्दाम भोकं ठेवून बांधलेलं! शिकणाऱ्याने ती भोकं शोधायची, म्हणून. रीतसर यादी, भाव, टोपली, पैसे भरायचं पान, सगळं आहे, आणि फक्त आपल्या यंत्रावर चालतं, बाहेर कुणाला धक्का नाही. यादीत केळ्याचा रससुद्धा, एक लिटर, भाव १.९९. बुऱ्हाणपूरसारख्या केळीच्या मुलखातल्या माणसाला आणखी काय हवं!

आणि मध्ये तिने बसवला झॅप. हा प्रॉक्सी, म्हणजे मधला माणूस. सायमन बेनेट्स यांनी २०१० मध्ये जुन्या ‘पारोस’ नावाच्या प्रॉक्सीवरून घडवलेला, फुकट मिळतो. ब्राउझरला सांगायचं, बाबा रे, थेट दुकानात जाऊ नकोस, आधी इथे ८०८० नंबरच्या दारावर ये. झॅप स्वतःचं एक प्रमाणपत्र देतो, ते ब्राउझरमध्ये आपल्या हाताने बसवलं की सीलबंद गाठोडीसुद्धा तो उघडून दाखवतो. एफ-१२ मध्ये नुसतं बघता येत होतं. इथे विनंती चिमटीत धरता येते! ती अर्ध्या वाटेत लटकलेली असते. तिकडे ब्राउझरचं चाक फिरतंय, इकडे बिलटी आपल्या हातात.

‘‘टोपलीत केळ्याचा रस टाका आणि नग वाढवा.’’ टाकला, वाढवला. झॅपने पकडलं: नग २. ‘‘आता त्या दोनच्या जागी उणे शंभर लिहा.’’

मी तिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत माझ्या हातून उणे नगाचं बिल गेलेलं नाही. दुकानाच्या पानावर तर एकाच्या खाली नग जातच नव्हता, बटणच तसं होतं. पण ही बिलटी पानावरून केव्हाच सुटली होती. लिहिलं उणे शंभर, सोडलं. टोपलीत रसाचे उणे १९९! ऑर्डर पक्की केली आणि वरून हिरवी पट्टी सरकत आली, शाबास, कोडं सुटलं. म्हणजे दुकानच मला पैसे देणं लागतं! मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सांगितलं. हिने विचारलं, ‘‘रस कुठाय?’’

मला कळलं ते इतकंच, आणि ते मी सोमवारपासून दिसेल त्याला सांगतोय: दारावरच्या पोराने मोजलं म्हणून गोदामवाल्याने मोजायचं सोडायचं नसतं. आमच्या पेढीतलं शेंबडं पोरगंही हे जाणतं. वेबसाइट बांधणाऱ्यांना मात्र ते शिकवावं लागतं.

हाच मधला माणूस वाईट हातांत गेला तर काय, तेही तिने सांगितलं, आणि मग आमचं हसू थांबलं. ऑगस्ट २०१८, पुण्याची कॉसमॉस बँक. चोरांनी एटीएमच्या व्यवस्थेत एक खोटा प्रॉक्सी स्विच उभा केला. पैसे काढायची विनंती बँकेच्या खऱ्या खातेवहीपर्यंत पोचायचीच नाही, मधल्यामध्ये हा तोतया ‘मंजूर’ म्हणून कळवायचा. २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या, वर स्विफ्ट या बँकांच्या संदेशव्यवस्थेतून हाँगकाँगला रक्कम गेली. दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी.

आता लॉग. यासाठी तर मी हा लेख लिहायला घेतलाय!

मंगळवारी ती म्हणाली, ‘‘आज तुम्ही साधं गिऱ्हाईक. तासभर दुकानात फिरा, माल बघा, काही घ्या. मी शेजारच्या खोलीतून दुसऱ्या मशीनवरून हल्ला करते. नंतर लॉग देते, मला पकडा.’’ तिच्या वर्गात हेच चालतं म्हणे. साध्या गिऱ्हाइकांच्या नोंदींत चोराच्या नोंदी कालवायच्या आणि पोरांना चाळायला बसवायचं.

तासाने तिने फाइल उघडून दिली आणि माझ्या तोंडून ‘अरे!’ निघालं. रोजमेळ! दुसरं काही नाही, रोजमेळ! एका ओळीत एक व्यवहार. कोण आला, किती वाजता, काय मागितलं, काय जबाब मिळाला, किती माल गेला. जबाबाचे आकडे तिने एका कागदावर लिहून दिले. २०० म्हणजे दिलं. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे ओळखतो, पण मिळणार नाही. ४०४ म्हणजे असं काही नाहीच. ५०० म्हणजे दुकानदारच चक्कर येऊन पडला.

मी पट्टी घेतली. हसू नका, स्क्रीनवर स्टीलची पट्टी धरून ओळ ओळ खाली उतरलो, जसा मार्चएंडला उतरतो. माझ्या स्वतःच्या नोंदी लगेच ओळखू आल्या: संथ, दोन ओळींत अर्धा-अर्धा मिनिट, मध्ये मी फोन घेतला तेव्हाचं भगदाड. आणि मग एका ठिकाणी लॉगिनच्या दारावर चार नोंदी, काही सेकंदांच्या आत. ४०१. ४०१. ५००. २००.

पट्टी तिथेच थांबली. दोनदा चुकला, मग दुकानदार चक्कर येऊन पडला, आणि पुढच्या क्षणी दार उघडं? कुठल्या गिऱ्हाइकाला असं दार उघडतं?

‘‘ही तू!’’ मी ओरडलो. शेजारच्या खोलीतून टाळ्या.

पण तिने केलं काय होतं, ते रोजमेळात नव्हतं. इथे मी अडलो आणि इथेच खरी मेख आहे. या लॉगमध्ये बिलटीचा वरचा भाग उतरतो, आतला माल उतरत नाही. पोस्टमधून काय पाठवलं ते त्याला माहीतच नाही. ते बघायला झॅपने पकडलेली अख्खी विनंती उघडावी लागली. पाचशेवाल्या विनंतीत ईमेलच्या जागी नुसतं एक अवतरणचिन्ह. एक टिंब-शेपटी! त्याने आतल्या डेटाबेसचं वाक्य मध्येच तुटलं आणि यंत्र कोलमडलं. ते बघून चोराला कळलं की आपण लिहिलेलं थेट आतल्या वाक्यात जाऊन बसतंय. पुढच्या विनंतीत त्याच चिन्हापुढे ‘किंवा १=१’ आणि दोन आडव्या रेघा. एक बरोबर एक हे कधी खोटं असतं का? यंत्र म्हणालं, खरंय, या आत, आणि यादीतल्या पहिल्याच माणसाच्या, म्हणजे मालकाच्या, नावाने आत घेतलं. पासवर्ड तपासायचं कलम त्या आडव्या रेघांपलीकडे शेरा होऊन पडलं होतं.

रोजमेळाने वेळ सांगितली, पकडलेल्या विनंतीने माल दाखवला. एकावाचून दुसरं लंगडं. (आणि ज्यूस शॉपवाल्यांचा खवचटपणा बघा, त्यांच्या कोड्यांपैकी एक म्हणजे दुकानाचा लॉग बाहेरच्या माणसाने मिळवून दाखवणं! चोपडी गल्ल्यावर उघडी टाकली तर हेच.)

त्या रात्री जेवताना भाचीने क्लिफ स्टोलची गोष्ट सांगितली आणि माझा घास हातात राहिला. १९८६, कॅलिफोर्निया, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा. स्टोल खरा खगोलशास्त्रज्ञ, कॉम्प्युटर विभागात नुकता आलेला. कॉम्प्युटर कुणी किती वापरला याचा हिशेब ठेवायचे, त्यात ७५ सेंटचा फरक येत होता. पाऊण डॉलर! साहेब म्हणाला, शोध. दुसऱ्या कुणी पदरचे भरले असते. पण आमच्या जातीचा माणूस (हिशेबनिसाची जात, दुसरी नव्हे) तेरीज जुळेपर्यंत पाणी पीत नाही. त्याने इमारतीतले प्रिंटर आणि टर्मिनल गोळा केले, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वायरीला एक एक जोडला आणि तिथेच झोपला. घुसखोर टाइप करत गेला, इकडे कागदावर सगळं उमटत गेलं. शेवटी खोटी लष्करी कागदपत्रं आमिष म्हणून ठेवून त्याला गुंतवला आणि माग थेट जर्मनीत हानोफरला लागला. मार्कुस हेस, अमेरिकन लष्कराची कागदपत्रं चोरून सोव्हिएत केजीबीला विकणाऱ्यांपैकी. ७५ सेंटवरून! आमच्याकडे मी आठ आण्यांचा फरक दोन दिवस शोधला तर मालक म्हणतात, ‘‘जाने दो ना मुनीमजी.’’ आता म्हणून दाखवा!

बुधवारी शेवटचा दिवस, आणि कळस. माझ्या आतेभावाचा केळीच्या वेफरचा घरगुती धंदा आहे, त्याची चार पानांची वेबसाइट मीच सांभाळतो. दिवसाला पाच-सहा माणसं येत असतील. भाचीने होस्टिंगच्या पॅनेलमधून तिचा लॉग काढला. मी पट्टी घेऊन बसलो.

तीन वाजून सतरा मिनिटं. कुणीतरी ‘डब्ल्यूपी-लॉगिन’ मागितलं. वर्डप्रेसच्या साइटचं मालकाचं दार. आमची साइट वर्डप्रेसवर नाहीच. ४०४. लगेच ‘पीएचपी-माय-अ‍ॅडमिन’, डेटाबेसचं दार. ४०४. मग ‘डॉट ईएनव्ही’ नावाची फाइल, जिच्यात आळशी माणसं सगळ्या किल्ल्या एकत्र ठेवतात. ४०४. तो गेला, दुसरा आला. कधी एक देश, कधी दुसरा. आमच्या मसाला वेफरच्या पानाकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही.

‘‘कोण आहेत हे? आतेभावाशी यांचं काय वैर?’’

वैर कुणाचंच नाही. यंत्रं आहेत ती. अख्ख्या जगातल्या पत्त्यांवरून फिरत प्रत्येक दाराची कडी हलवून बघतात, आणि जे उघडतं तिथे मागाहून माणूस येतो. हे रोज चालू आहे. माझ्या घरात चालू आहे, मी झोपलेला असताना! अंगावर काटा आला आणि खरं सांगतो, मजाही वाटली. रात्री तीन सतराला कुणीतरी बुऱ्हाणपूरच्या वेफरवाल्याची कडी वाजवतंय!

‘‘मामा, वेळेच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा.’’ अधिक आणि चार शून्यं. म्हणजे ग्रिनिचची वेळ. आपली त्यात साडेपाच तास मिळवून. तीन सतरा म्हणजे सकाळचे आठ सत्तेचाळीस. तेव्हा मी जागा होतो, पोहे खात होतो. एकतीस वर्षांचा मुनीम, आणि खात्याच्या डोक्यावरचा शेरा न वाचता खाली उतरलो. तिच्या वर्गातही बहुतेक जण पहिल्यांदा इथेच आपटतात म्हणे. बरं वाटावं म्हणून बोलली असेल.

जाण्यापूर्वी तिने माझे कान धरले. कारण मला जोर चढला होता, आणि झॅप लावून मी आमचं ते महिन्याच्या वीस तारखेवालं पोर्टल उघडायला निघालो होतो. तिने लॅपटॉपच मिटला. ‘‘परवानगीशिवाय दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ४३ आणि ६६. तीन वर्षं.’’ दुसरी ताकीद: सरावासाठी पकडलेल्या विनंत्या कुणाला द्यायच्या असतील तर आधी त्यांतून पासवर्ड आणि कुकी पुसायच्या. ब्राउझरमधून सगळ्या विनंत्या एका फाइलमध्ये साठवता येतात, तिला हार म्हणतात. २०२३ मध्ये ऑक्टा या अमेरिकन कंपनीच्या मदत-विभागातून ग्राहकांनी पाठवलेल्या अशा फाइली चोरीला गेल्या, त्यांतले शिक्के जिवंत होते, ते दाखवून चोर पुढे काही ग्राहकांच्या घरांत शिरले. १३४ ग्राहकांच्या फाइली चोरांच्या हाती लागल्या. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने २०२२ च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना लॉग १८० दिवस जपायला आणि हल्ला झाला तर सहा तासांत कळवायला सांगितलंय. मी तिला म्हटलं, १८० दिवस काय, आमच्या पेढीत आजोबांच्या वेळच्या चोपड्या आहेत. ती म्हणाली, त्यात कुणाचे पासवर्ड नाहीत.

मग सराव करायचा कशावर? स्पेनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये एका दुकानाच्या अशा विनंत्या मुद्दाम तयार करून ठेवल्यात, ३६ हजार सरळ आणि २५ हजारांहून जास्त वाकड्या, यंत्राला चोर ओळखायला शिकवण्यासाठी. ती म्हणाली, पाठवते. मी वाट बघतोय. पट्टी तयार आहे.

गुरुवारी ती पुण्याच्या गाडीत बसली. त्या रात्री ही झोपल्यावर मी वेफरवाल्या साइटचा लॉग उघडून बसलो, दर मिनिटाला ताजा करत. एक कडी वाजली की तिचा फोटो काढून भाचीला पाठवायचो. अकरा पाठवले. निळ्या खुणा झाल्या, उत्तर एकालाही नाही. गाडीत झोपली असेल म्हणून मी परत लॉगकडे वळलो.

१८ वाजून ४२ मिनिटं. साडेपाच मिळवले, म्हणजे रात्रीचे बारा बारा, म्हणजे आत्ता. नवीन ओळ. मोबाइलवरून आलेली, पत्ता इथल्याच एका मोबाइल कंपनीचा. मागितलेलं पान: ‘मामा-झोपा-आता’.

जबाब ४०४.